निवटीची वीस बिळं

“निवटीच्या बिळाला दोन दारं असतात गो,” रंगूबाई म्हणाली आणि प्रियांकाचा चेहरा खर्रकन उतरला.

प्रियांका डोंबिवलीची. दोन वर्षं ती कोलशेतच्या खाडीवर येत होती. चिखलात बीळ करून राहणाऱ्या आणि ओहोटीला बाहेर येऊन टणाटणा उड्या मारणाऱ्या निवटी नावाच्या बोटभर माशावर तिचा अभ्यास चालला होता. वरून काढलेल्या फोटोंत तिने भोकं मोजली, ती दोन हजार चारशे भरली. एका भोकात एक निवटी, असं धरून तिने अहवाल लिहिला. त्या चिखलावर गोदामांसाठी भराव टाकू द्यायचा की नाही, याची सोमवारी सुनावणी होती. इथे खाडी जिवंत आहे, हे तिला तिथे त्या आकड्याच्या जोरावर सांगायचं होतं. निवट्या हातानं धरण्यात जिचा निम्मा जन्म गेला, तिला एकदा विचारावं हे मात्र शिकल्यासवरल्या पोरीला सुचलं नव्हतं. सुचलं ते आज, शनिवारी, रंगूबाईच्या ओट्यावर चहा पिताना.

“म्हणजे अर्ध्याच निघणार, मावशी?”

“अर्ध्या म्हंजे पण बाराशे! कमी हायेत काय? चल, हात घालून दाखवते तुला.”

रंगूबाईचा मुलगा सुधीर रिक्षा पुसत होता. तो फडकं टाकून ओट्यापाशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “आई, कशाला लफड्यात पडतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि जायचंच असेल तर जा, पण तुझ्या हाताला काय लागलं ते कोणाला दिसणारे? ‘आहे’ बोलायचं, विषय खल्लास.”

“तू रिक्षा काढ,” रंगूबाई म्हणाली.

गुडघे गेल्यापासून सहा वर्षांत ती चिखलात उतरली नव्हती. कल्याणच्या बाजारातून मासळी आणायची आणि नाक्यावर बसून विकायची, असं तिचं चाललं होतं. खाडीकाठच्या बाईनं मासळी विकत आणायची, याची तिला मनातून लाज वाटे. म्हणून आज फळीवर पालथी पडून चिखलावरून सरकताना ती एखाद्या पोरीसारखी खुशीत होती.

प्रियांकाने वीस बिळांपाशी काठ्या रोवल्या. रीत साधी होती. एका दारावर पाय दाबून धरायचा, दुसऱ्यातून खांद्यापर्यंत हात घालायचा. थंडीच्या दिवसांत निवट्या आतच असतात. हाताला लागली तर तशीच सोडायची आणि नुसतं सांगायचं. प्रियांका वहीत लिहिणार होती.

“हाय!” पहिल्याच बिळात रंगूबाई ओरडली. “बघ, बोलले होते ना!”

दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यातही नव्हती. चौथ्यात होती. त्यानंतर मात्र बहुतेक बिळांत हाताला नुसतं गार पाणी लागू लागलं आणि हात बाहेर आला की त्याला तेलासारखा उग्र वास येऊ लागला. रंगूबाई कोपर वळवून वळवून शोधू लागली. आपलीच बोटं विसरली असतील, असंही तिला वाटून गेलं. चौदा बिळं झाली तेव्हा वहीत चार निवट्या होत्या. प्रियांकाने विचारणं सोडून दिलं होतं, ती नुसती मान खाली घालून लिहीत होती.

पंधराव्या बिळातही काही नव्हतं. रंगूबाईने त्या पोरीच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं.

“हाय,” ती म्हणाली.

“खरंच? मोठी आहे?”

“चांगली हाय.”

पोर इतकी खुलली की रंगूबाईला बरं वाटलं. सोळाव्यात काही नव्हतं. सतराव्यात हात घातला आणि तळाशी काहीतरी वळवळलं. बुळबुळीत अंग तिच्या तळव्यावर क्षणभर आपटलं आणि बोटांमधून निसटून गेलं. अशा शेकडो निवट्या तिने टोपलीत टाकल्या होत्या, पण या एकीने तिला रडू फुटलं.

“काय झालं, मावशी?”

“ही हाय. ही लिही. आणि पंधराव्यावर काट मार. तिथं कोण नव्हतं.”

प्रियांका पेन्सिल धरून नुसती बघत राहिली. “मला कळलं नसतं.”

“म्हणून तर जीभ वळली माझी. मार काट.”

उरलेल्या तिनांत एक मिळाली. वीस बिळांत सहा.

“एवढ्याशावर ऐकतील काय गो ते?” रंगूबाईने विचारलं.

“माहीत नाही, मावशी. खरा आकडा आहे, तोच सांगेन.” मग ती हळूच म्हणाली, “पूर्वी वीसमध्ये किती लागायच्या?”

भरतीचं पाणी तिवराच्या झाडांच्या मुळांशी आलं होतं. प्रियांका काठ्या उपटू लागली, तशी रंगूबाई फळी वळवून पंधराव्या बिळापाशी परत गेली. हात घालताना त्याची कड ढासळली होती. तिने बोटानं आतला चिखल काढला, तोंड गोल करून नीट केलं, मग पायाखाली दबलेलं दुसरं दारही मोकळं केलं.

“मावशी, पाणी आलं. त्यात कुणी नाहीये ना?”

“नाय,” रंगूबाई म्हणाली आणि शेजारच्या बिळाचं तोंड मोकळं करायला सरकली.