देशाला वाहिलेली मिशी

"बशी नीट धरा," औषधवाले फाउश्तिनो म्हणाले. "देशाचा मामला आहे. अर्धी खाली सांडायला नको."

बेलार्मिनोनं बशी आपल्याच हनुवटीखाली धरली आणि दुसऱ्या हातानं वस्तरा चालवला. फाउश्तिनोंच्या दुकानात रोज संध्याकाळी जमणारी मंडळी टोप्या काढून उभी होती. मिशीची डावी बाजू पडली तेव्हा कुणीतरी नाक पुसलं. उजवी पडली तेव्हा गाणं म्हणायचं ठरलं, पण पहिला सूर कोण लावणार यावरून वाद झाला आणि ते राहून गेलं.

त्या जानेवारीत इंग्लंडनं दरडावलं, की आफ्रिकेतलं सैन्य मागे घ्या, आणि आमच्या पोर्तुगीज राजानं निमूट घेतलं. तेव्हापासून नदीपलीकडच्या पोर्तो शहरात आणि अलीकडच्या आमच्या गाया गावात कुणालाच चैन नव्हतं. फाउश्तिनोंनी इंग्रजी खोकल्याच्या गोळ्या नदीत फेकल्या. निवृत्त मेजर ताव्हारेसांनी आपल्या बुलडॉगशी बोलणं टाकलं. युद्धनौका विकत घ्यायला वर्गणी सुरू झाली.

पंचाईत बेलार्मिनोची झाली. मिशी फुटली तेव्हापासून तो विटकॉम नावाच्या इंग्रजाच्या वखारीत दारूच्या पिंपांवर मालकाचं नाव रंगवत होता. नोकरी सोडली तर बायको देओलिंदा आणि मुली उपाशी. नाही सोडली तर फाउश्तिनोंच्या दुकानातली खिडकीजवळची खुर्ची गेली. त्या खुर्चीत बसला की तो पुरुष असे, बाकी दिवसभर नुसता ब्रश. शेवटी त्याला गोव्याचा तो जुना व्हाइसरॉय आठवला, ज्यानं किल्ल्यासाठी आपल्या दाढीचा केस गहाण ठेवला होता. बेलार्मिनोनं वर्गणीत अख्खी मिशी देऊ केली आणि शपथही घेतली, की नौका पाण्यात उतरेपर्यंत नवी उगवू देणार नाही. फाउश्तिनोंनी ती जळवांच्या शेजारी एका बरणीत ठेवली. खुर्ची वाचली.

घरी देओलिंदानं दार उघडलं, वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "बसा फादर, हे येतीलच इतक्यात."

आमच्याकडे गुळगुळीत ओठाचे लोक तीनच: पाद्री, वेटर आणि बैलांशी झुंजणारे. तिसरं काम बेलार्मिनोच्या अंगलटीवरून कुणाला सुचत नव्हतं. कॉफीच्या दुकानात लोक त्याला कॉफी आणायला सांगत. एकदा वाद नको म्हणून त्यानं आणूनही दिली. रात्री त्याला झोप येईना. हात सारखा पीळ द्यायला ओठावर जायचा आणि तिथं कुणी न भेटल्यासारखा परत यायचा. मग तो पहाटेच घाटावर फेऱ्या मारू लागला. तिथं डोक्यावर टोपली घेतलेल्या एका कोळणीनं त्याला अडवलं. मुलगा आफ्रिकेत सैन्यात होता, तिला त्याच्यासाठी आशीर्वाद हवा होता.

"मी पाद्री नाही, बाई."

"आजकाल कुणीच नसतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

वखारीत विटकॉम त्याच्यामागे येऊन उभा राहिला. रंगवलेलं नाव बराच वेळ बघून म्हणाला, "छान. नवीन का तुम्ही? इथं आधी एक मिशीवाला होता. त्याचा हातही चांगला होता. कुठं गेला?"

"देशाच्या कामाला गेला, साहेब," बेलार्मिनो म्हणाला आणि ब्रश रंगात बुडवला.

हे त्यानं दुकानात सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण त्याच संध्याकाळी मेजर तो वस्तरा उजेडाकडे धरून बसले होते.

"शेफील्ड," त्यांनी पात्यावरचं वाचलं. "इंग्रजी पोलाद. पोर्तुगीज मिशी इंग्रजी पोलादानं कापली."

बराच खल झाला. हे दान धरता येत नाही असं ठरलं. मिशी पुन्हा वाढवून आपल्याच देशातल्या, गिमारायंशच्या वस्तऱ्यानं पुन्हा कापायला हवी. पण वाढवली तर शपथ मोडते. वस्तरा फाउश्तिनोंचा होता, हे कुणी काढलं नाही. बेलार्मिनोनंही नाही. निर्णय होईपर्यंत खिडकीजवळच्या खुर्चीत तात्पुरते मेजर बसू लागले.

निर्णय झाला नाही. वसंत आला. बुलडॉगला पुन्हा हाक मारली जाऊ लागली. दुकानात पुन्हा खोकल्याच्या गोळ्यांचा वास येऊ लागला. बेलार्मिनो मात्र रोज सकाळी दाढीबरोबर ओठही करत होता, गिमारायंशच्या वस्तऱ्यानं. तो बोथट होता, त्यामुळे देश रोज थोडा लागायचा.

एके दिवशी फाउश्तिनोंनी त्याला एक पुडी दिली. मूळव्याधीचं चूर्ण देतात तशीच घडी.

"जळवा वाढल्यात," ते म्हणाले. "बरणी लागतेय. वाईट वाटून घेऊ नका."

"आणि नौका?"

"चाललंय," फाउश्तिनो म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तो घाटावर आला. कोळीण समोरून येत होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि डोकं वाकवलं.

बेलार्मिनोनं पुडी डाव्या हातात घेतली. आशीर्वाद नेमका कसा देतात ते त्याला माहीत नव्हतं. पिंपावर अक्षर काढताना नेतो तसा त्यानं हात वरून खाली नेला, मग आडवा. सावकाश, रंग ओघळू नये असा.

"नाव काय मुलाचं?"

"आदेलिनो."

"येईल," तो म्हणाला.

तिनं पानात गुंडाळून दोन सार्डिन मासे त्याच्या हातात ठेवले आणि टोपली उचलली. बेलार्मिनो चढण चढू लागला. एका हातात मासळी, दुसऱ्या हातात मिशी. हात मोकळा नव्हता, म्हणून घरापर्यंत तो ओठाकडे गेला नाही.