डाव्या मनगटावरची पट्टी

मी पट्टी बोलतेय. जखमेवर बांधतात ती नव्हे, पेशंटचे हात बांधतात ती. कापड एकच, पण माझ्या बहिणी कुणाच्या फुटलेल्या गुडघ्याला, कुणाच्या भाजलेल्या बोटाला जाऊन बिलगल्या. माझ्या नशिबी पलंगाचा दांडा आला.

कोरोनाच्या वॉर्डातली सिस्टर माझ्या आत कापूस घालायची, मनगटाला काचू नये म्हणून. "काका, माफ करा हं," म्हणायची आणि गाठ मारायची. तिची मला फार माया वाटायची.

काका म्हणजे शिंपीकाका. आले तेव्हा धाप लागलेली, पण गप्पा झकास मारायचे. त्यांना वास येईनासा झाला होता. "इस्त्रीखाली गिऱ्हाइकाची पँट जळली, तरी मला पत्ता नाही!" असं सांगून स्वतःच हसायचे. मग ताप चढला आणि काका भ्रमिष्ट झाले. वॉर्डला दुकान समजू लागले. "हे माप कुणी घेतलंय? पार ढगळ झालंय," म्हणत ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायचे. यंत्र ओरडायचं, सिस्टर धावत यायची. शेवटी डाव्या हाताला मी आणि उजव्याला माझाच दुसरा तुकडा, असे आम्ही कामाला लागलो.

काका होते डावखुरे. बांधलेल्या अवस्थेतही डाव्या हाताने कात्री चालवायचे. काय जोर होता त्या हातात! माझे धागे कुरकुरायचे. मला दुखायचं, पण बरंही वाटायचं.

एका सकाळी ती ओढ थांबली.

आधी वाटलं, दमले असतील. पण दमलेला हातही मधूनच हलतो. हा नुसता माझ्यात पडून होता, बोटं उघडी टाकून. हा आजार रक्ताच्या गाठी करतो, त्या मेंदूत अडकल्या तर अर्धं अंग लुळं पडतं, हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं.

वॉर्डातले मामा चादर बदलायला आले. "सिस्टर, आज शांत झालेत हो काका."

"हो ना, बरं झालं बाई. पडू दे जरा बिचाऱ्यांना."

तोंड एका बाजूला ओघळलं होतं, पण ते मास्कखाली. बोलणं जड झालं होतं, पण भ्रमातल्या माणसाचं बोलणं कोण मनावर घेणार? मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. मला सोडा, हात कसा पडतो ते बघा! पण पट्टीला कुठलं तोंड? उलट तो हात दांड्याशी नीट धरून ठेवला होता तो मीच.

दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. सिस्टरने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन समोर धरला.

"बाबा, हात हलवा ना! सिस्टर, हे हात का हलवत नाहीत?"

"बांधलेत ना, म्हणून. काळजी करू नका."

"मग जरा सोडा ना हो."

"सोडते हं," सिस्टर म्हणाली. तेवढ्यात पलीकडच्या पलंगाचं यंत्र ओरडलं आणि ती धावली. तिला तरी काय बोलणार? एकटी किती जणांना पुरणार?

संध्याकाळी तिने उजव्या हाताची गाठ सोडली, मग माझी. हात धपकन गादीवर पडला. तिने उचलला, तो पुन्हा पडला. तिच्या हाका, डॉक्टरांची धावपळ, आणि मग डॉक्टरांचं हळू आवाजातलं, "फार उशीर झाला."

काकांनी उजव्या हाताने तो डावा हात चाचपला. उलटसुलट करून पाहिला.

"हा कुणाचा राहिलाय इथे?" ते जड जिभेने म्हणाले. "गिऱ्हाईक आलं की देऊन टाका."

सिस्टरने तो हात अलगद आपल्या हातात घेतला. चष्म्याआड पाणी साचलं, पण त्या पीपीई किटमध्ये तिला डोळेही पुसता येईनात.

आता मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहे. थोड्या वेळाने मला जाळतील, त्याचं मला काही नाही. कुणाचे हात बांधलेत, तर पट्टी मधूनमधून सोडत जा. हात उठतो की पडतो, तेवढं बघा. माणूस शांत झाला म्हणून लगेच सुटकेचा श्वास टाकू नका हो.