सहा खोकी रुखवत

दुपारच्या सामसूम घरात पलंगाखाली खर्रकन आवाज झाला. कुणी पुठ्ठ्यावर नखानं हळूच रेघ ओढावी तसा. मग थांबला. मग पुन्हा झाला, जरा लांबून.

इनास लेकीच्या छातीला कान लावून बसली होती. पाच वर्षांच्या रुकय्याचा श्वास ऐकणं हा गेल्या महिन्याभरात तिचा उद्योगच झाला होता. आत शिट्टी वाजते का, वाजते तर केवढी. आज बारीक होती, पण होती. खालचा आवाज ऐकून तिनं डोकं उचललं. दुसरी कुणी असती तर किंचाळून पलंगावर उभी राहिली असती. इनासच्या मनात आलं, सापडलात लेको.

गोष्ट सुरू झाली होती ती डॉक्टरांच्या एका प्रश्नानं. रुकय्याला तिसऱ्यांदा दम लागला तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता विचारलं होतं, घरात झुरळं आहेत का? आणि इनास, जी मुहर्रम बे भागातल्या औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काम करते आणि आठवड्याला दहा बायकांना बोरिक पावडर विकते, ती पटकन म्हणाली होती, छे, आमच्याकडे कुठली. डॉक्टरांनी मान वर केली नाही. सगळ्या आया मला हेच सांगतात, म्हणाले, त्यांच्या हिशेबानं अख्ख्या अलेक्झांड्रियात एक झुरळ नाही. मग त्यांनी नीट समजावलं. झुरळांच्या विष्ठेचा, पायापंखांचा भुगा हवेत मिसळतो, त्यानं पोरांची छाती आवळते. फवारा मारायचा नाही, त्यानं दम आणखी चढेल. पण झुरळं घालवा, निम्मं दुखणं जाईल.

त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नवऱ्यानं, वाईलनं, फोनवर आईला सगळं सांगितलं, आणि त्या सासूबाईंनी, हाज्जा बहियानं, तिकडून रशीद गावाहून निकालच दिला. शुक्रवारची नमाज झाली की मी येते, पोरीला घेऊन जाते, थंडीपर्यंत माझ्याकडे राहील. इथे नदीची हवा आहे, खजुराची बाग आहे, आणि माझ्या घरात तुमच्यासारखं काही वळवळत नाही. वाईल बंदरात क्रेन चालवतो. चाळीस टनांचा डबा बोटभर न हलवता उतरवतो, पण आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. तो हो म्हणाला. रुकय्याची शाळा सप्टेंबरात सुरू व्हायची होती. दप्तर आणून झालं होतं, त्याचा पट्टा रोज एकदा खांद्यावर घालून बघितला जात होता.

"शुक्रवारपर्यंत थांब," इनास म्हणाली. "मी घर साफ करून दाखवते. नाही जमलं तर मीच तिचे कपडे बांधीन."

आणि ती कामाला लागली. कांद्यांखेरीज स्वयंपाकघरात उघडं काही राहिलं नाही. बोरिक पावडर, पीठ, साखर आणि अंड्याचा बलक मळून तिनं वाटाण्याएवढ्या गोळ्या वळल्या, त्या बाटल्यांच्या बुचांत ठेवून फ्रीजमागे, चुलीखाली, रुकय्याचा हात पोचणार नाही अशा जागी सारल्या. इमारतीतला जो तो मधल्या डक्टला, नळ वरखाली जातात त्या पोकळीला, दोष देतो. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात चौथ्यावरून येतात, चौथ्यावरचे म्हणतात दुसऱ्यावरून. इनासनंही डक्टच्या खिडकीला जाळी ठोकली, नळाभोवतीची भोकं सिमेंटनं बुजवली. झुरळं थोडी कमी झाली, पण संपली नाहीत.

तेव्हा तिनं जे केलं ते दुकानातल्या कुणाला सुचलं नसतं. तीन काचेच्या बरण्या घेतल्या. आत गोड चहात बुडवलेला पावाचा तुकडा, तोंडाला आतून व्हॅसलीन, बाहेरून वर चढायला कागद. एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात, एक झोपायच्या खोलीत. झुरळ आत पडतं, निसरड्या काचेवरून वर येत नाही. जिथली बरणी भरेल तिथे त्यांचं बिऱ्हाड. मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात तीन निघाली, न्हाणीघरात पाच. झोपायच्या खोलीत एकवीस.

झोपायच्या खोलीत खायला काय ठेवलंय, हे कोडं ती सकाळभर सोडवत होती. पलंगाखालच्या त्या आवाजानं ते सुटलं. रात्रीचा प्राणी भरदुपारी बाहेर पडतो तो आत जागा उरली नाही म्हणून, हे तिला ठाऊक होतं. ती वाकली. खाली सहा खोकी होती, आणि ती तिच्या आईची होती.

आईची म्हणजे तिचीच, तिच्या लग्नाची. आईनं इनास अकरा वर्षांची असल्यापासून तिचं रुखवत जमवलं होतं. या ईदला सहा कप, पुढच्या ईदला दोन चादरी. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून आत काय आहे ते ती खोक्यावर निळ्या पेनानं काढून ठेवायची. कप काढला की त्यावर वाफेच्या तीन रेघा. टॉवेल काढला की त्याला झालर. आणि चिकटपट्टीवर तिचा विश्वास नव्हता. पट्टी कुणीही काढून पुन्हा लावतं, म्हणायची, शेजारणींचं काय सांगावं. ती स्टोव्हवर पिठाची खळ शिजवायची आणि कागदाच्या पट्ट्या दोन दोन थरांत डकवायची. पट्टी फाटली की कळलंच पाहिजे. वाजतगाजत, हॉर्न वाजवत, उघड्या टेम्पोतून ती खोकी अख्ख्या गल्लीला दाखवून या घरी आली. काही सामान काचेच्या कपाटात मांडलं गेलं. ही सहा तशीच ठेव, आई म्हणाली, खरे पाहुणे येतील त्या दिवशी उघड. दुसऱ्या वर्षी आई गेली. त्यानंतर वाईलनं तीनदा तरी ती उघडायचा विषय काढला, आणि तिन्ही वेळा इनासनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं चौथ्यांदा काढला नाही.

औषधं ठेवतानाही तिनं त्या खोक्यांभोवती बूच ठेवलं नव्हतं. ती तर बंद होती. दुकानात बसून ती बायकांना बजावायची, पीठ उघडं ठेवू नका, पुठ्ठे साठवू नका. आणि लेकीच्या उशाखाली सहा वर्षं पिठाची आणि पुठ्ठ्याची पंगत मांडून बसली होती.

रडायला वेळ नव्हता. बुधवारी तिनं रुकय्याला तळमजल्यावरच्या उम्म बासिमकडे सोडलं, आणि एकेक खोकं जागेवरच कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालून तोंड बांधलं, म्हणजे वाटेत कुणी उतरायला नको. वाईलनं सहाही खोकी गच्चीवर नेली. ऊन असं होतं की डिश अँटेनाच्या सावलीसाठीसुद्धा कबुतरं भांडत होती. इनासनं पांढरी चादर अंथरली, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली हातात धरली आणि पहिल्या खोक्याच्या पट्टीला सुरी लावली. पट्टी कापावी लागलीच नाही. खळ कधीच खाऊन झाली होती. झाकण उघडताच कॉफीच्या रंगाचा एक ओघळ चादरीवर पसरला. चाळीस टन उचलणारा वाईल पाण्याच्या टाकीवर जाऊन उभा राहिला.

"खाली उतर," इनास फवारत म्हणाली. "त्यांना तुझा पगार नकोय."

साबणाच्या पाण्यानं ती जागच्या जागी गुदमरून पडत होती. दोन तास लागले. टॉवेल गेले, चादरींवर काळ्या ठिपक्यांचा सडा पडला होता, त्याही गेल्या. कपबशांना काही झालं नव्हतं, काचेला कोण खाणार. उकळत्या पाण्यात घातल्या की कडेची सोनेरी रेघ लखलखली.

राहिले पुठ्ठे. कपाचं चित्र असलेला तुकडा तेवढा कापून ठेवावा, असं तिला वाटलं. वाफेच्या तीन रेघांतली एक आईच्या हाताला धक्का लागून वाकडी गेली होती. तिनं तुकडा उलटा केला. मागे पट्टीच्या खाचेत अंड्यांची पाकिटं ओळीनं चिकटलेली होती, लाल मसुरीसारखी. एकेका पाकिटात तीस-चाळीस पिल्लं. ती तो तुकडा हातात धरून उभी राहिली. मग तिनं तो पत्र्याच्या डब्यात, वाईलनं पेटवलेल्या बाकीच्या पुठ्ठ्यांच्या जाळात टाकला. वाकडी रेघ डावीकडून दुसरी होती. ती तिनं पाठ केली.

गुरुवारी खोलीतल्या बरणीत दोन निघाली. शुक्रवारी एकही नाही. पलंगाखालची फरशी ओल्या फडक्यानं तिनं चार वेळा पुसली होती. रुकय्या रात्रभर एका कुशीवर झोपली, आणि इनासनं कान लावला तेव्हा आत नुसती हवा होती, येणारी नि जाणारी.

हाज्जा बहिया आली ती खजुराची टोपली घेऊन, आणि बसायच्या आधी फ्रीजमागे डोकावली. चुलीखाली वाकली. पलंगाखाली वाकली. काही न मिळाल्यानं तिचा चेहरा जरा उतरलाच. मग म्हणाली, पोरीचे कपडे कुठायत?

"बांधले नाहीत, हाज्जा. आधी चहा घ्या."

सोनेरी कडेचे कप बघताच म्हातारीनं ओळखले. विकत घेताना दुकानात तुझ्या आईनं मला दाखवले होते, म्हणाली, हात लावू नका, हे खऱ्या पाहुण्यांसाठी आहेत, असंही म्हणाली होती. कप तिनं उजेडात फिरवला. "म्हणजे सहा वर्षं मी खोटी पाहुणी होते तर."

एरवी इनासनं काहीतरी गोड सारवासारव केली असती. पण डॉक्टरांपुढे एकदा खोटं बोलून झालं होतं. तिनं सासूला सगळं सांगितलं. एकवीस झुरळांची बरणी, गच्चीवरचा ओघळ, टाकीवरचा वाईल, झुरळांनी खाऊन संपवलेली खळ, आणि हे सगळं कुणा शेजाऱ्याच्या डक्टमधून नाही, माझ्याच पलंगाखालून आलं, हेही. टाकीचं ऐकून हाज्जा हसली. खळीचं ऐकून थांबली.

"कसली खळ म्हणालीस?"

"पिठाची. कागदाच्या पट्ट्या डकवायला. आईची पद्धत होती."

हाज्जानं चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा. तिच्या स्वतःच्या कपाटावर एकेचाळीस वर्षं चार खोकी आहेत, हे तिनं अखेर सांगितलं ते वाईलकडे न बघता. तिच्या आईनं बंद केलेली. रशीदला तेव्हा सगळेच खोकी खळीनं बंद करायचे.

वाईलला खोकला आला. इनासनं उठून बोरिकचं पाकीट आणलं, एक रिकामी बरणी आणली, व्हॅसलीनची डबी आणली, आणि खजूर काढून घेऊन रिकाम्या टोपलीत सगळं ठेवून दिलं.

"पुढच्या शुक्रवारी मी येते तुमच्याकडे," ती म्हणाली. "भर उन्हात उघडू. साबण मी आणीन."

"माझ्या घरात आहेत असं मी म्हटलेलं नाही," हाज्जा म्हणाली. पण टोपली तिनं जवळ ओढून घेतली. निघताना रुकय्याच्या छातीला तिनंही कान लावून बघितला, आणि शाळा कोणत्या तारखेला, एवढंच विचारलं.

ती गेल्यावर इनास ओट्यापाशी कप विसळू लागली. रुकय्या स्टुलावर चढून शेजारी उभी राहिली. पुसायला तिला एक कप मिळाला, दोन्ही हातांनी धरायच्या अटीवर. तिनं तो पुसला, आतून बाहेरून, आणि हाज्जानं केला तसा उजेडात फिरवला.

"आई, कपवाल्या आजीचे खरे पाहुणे कोण होते?"

इनासनं नळ बंद केला.

"ते अजून यायचेत का?"