बाईंच्या स्पीकरमधला हेकट डायोड

मी एक जुना डायोड आहे. तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठा, रंगाने काळा, एका टोकाला रुपेरी पट्टा आणि दोन्हीकडे एकेक तार. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, पण तुमच्या चार्जरमध्ये माझे भाईबंद नक्की राहतात.

मी सिलिकॉनचा, आणि सिलिकॉन येते वाळूतून. ते धड वीज वाहू देत नाही, धड अडवत नाही, म्हणून त्याला अर्धवाहक म्हणतात. कारखान्यात त्यात मुद्दाम भेसळ केली. भेसळ झाल्यामुळे ज्याची किंमत वाढते, असा मीच! एका भागात फॉस्फरस घातला, तिथे इलेक्ट्रॉन जादा झाले. दुसऱ्या भागात बोरॉन घातले, तिथे इलेक्ट्रॉनांच्या जागा रिकाम्या राहिल्या. दोन्ही भाग भेटतात तिथे इलेक्ट्रॉनांनी शेजारच्या रिकाम्या जागा भरल्या आणि मध्ये एक ओसाड पट्टी तयार झाली. बॅटरीचे धन टोक माझ्या बिनपट्ट्याच्या बाजूला जोडा. सात दशांश व्होल्टच्या आसपास दाब मिळाला की ती पट्टी अरुंद होते आणि वीज सुरळीत वाहते. उलटे जोडाल, तर पट्टी रुंदावते आणि मी हटून बसतो. फारच मोठा दाब आला तर माझेही काही चालत नाही, उगाच बढाई कशाला मारू?

पहिली नोकरी एका अडॅप्टरमध्ये होती. भिंतीतली वीज सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलते. आम्ही चौघे डायोड मिळून तिला एका दिशेला लावायचो. अडॅप्टर फुटला आणि मी भंगारात गेलो. दुरुस्तीच्या दुकानातल्या ताईने माझ्या तारांवरचा कथलाचा डाग वितळवून मला सोडवले आणि बरणीत ठेवले. तिथे दोन वर्षे मला कोणी विचारले नाही. तेव्हा फार वाईट वाटायचे.

मग एक शिक्षिका दुकानात आल्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता. ताईने त्यांना कमरेला लावायचा छोटा स्पीकर बनवून दिला आणि बॅटरीच्या वाटेवर मला बसवले. बॅटरीला जोडायच्या दोन्ही तारा काळ्या होत्या, म्हणून ताईने धन तारेला गाठ मारली. तिच्या दुकानात ही पद्धतच होती. वर्षभर बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. माझ्या सुखाला पारावार नव्हता.

एके दिवशी सकाळी बाई बॅटरी बदलायला आल्या, तेव्हा ताई बाहेर गेली होती. तिचा धाकटा भाऊ मोटारसायकलींचे गॅरेज चालवायचा. त्याने हौसेने बॅटरी बदलली. स्पीकर गप्प! तेवढ्यात ताई आली.

बाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज हा चालला नाही, तर उद्यापासून मला कार्यालयात बसवणार आहेत. वर्ग सुटेल माझा." त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, डायोडच मेलाय," भावाने माझ्यावर खापर फोडले. "काढून टाक, सरळ तार जोड. दोन मिनिटांचं काम."



"थांब रे, आधी बघू तरी." ताईने बॅटरी सोडवली आणि मीटरच्या दोन सुया माझ्या टोकांना लावल्या. मग सुया उलटवल्या. "हा तर ठणठणीत आहे. एकीकडून जाऊ देतोय, दुसरीकडून नाही. तू गाठीची तार कुठं जोडलीस?"

"ऋणला. आमच्या गॅरेजात गाठ म्हणजे ऋणच."

"अरे बाबा, माझ्याकडे गाठ म्हणजे धन! याला काढलं असतंस, तर अख्खा स्पीकर जळाला असता."

भावाने जीभ चावली. ताईने तारा सुलट जोडल्या आणि बाई थेट शाळेत गेल्या. वर्गात कलकलाट चालला होता.

"मागच्या बाकावर काय चाललंय?" बाई कडाडल्या.

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रागावून घेतल्याचा इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता.

मित्रांनो, यंत्र अडून बसले, तर त्याला ठोकू नका आणि त्याचा भाग घाईने उपटू नका. ते का अडले, ते आधी तपासा. त्या दिवशी ताईने मला तपासायला एक मिनिटही घेतले नाही, आणि बाई अजून वर्गावर आहेत.