पायथ्याच्या विहिरीचं पाणी

“पाणी कुठी गेलं?” यशोदाबाईंनी रिकामा कॅन हलवून विचारलं.

पहाडाच्या माथ्यावर, महादेवापुढच्या चुलीशी त्यांनी परातीत पीठ काढलं होतं. शेजारी गोवऱ्या आणि नवऱ्याचा, बंडूजींचा, पितळी तांब्या. मुलगा योगेंद्र सागाखाली पाय ताणून बसला होता.

“लई जड होतं, आई. अर्ध्या वाटेत सांडून देल्लं. वाटलं, वर बाटल्या भेटतीन.”

“तुह्या सासऱ्यानं दुकान मांडलं का इथं?”

यशोदाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. देवळी गावात पिठाची चक्की चालवण्यात जन्म गेला, पण नवसाचं पीठ त्यांनी घरच्या जात्यावर दळलं होतं. गुडघे धरत, भर जंगलातून ते डोक्यावर आणलं होतं. पोराकडे काम एकच होतं. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्यानंच पायथ्याच्या विहिरीचं पाणी खांद्यावर वर आणायचं आणि त्याच पाण्यात कणीक मळून रोडग्यांचे जाड गोळे गोवऱ्यांवर भाजायचे, ही रीत. योगेंद्र लहानपणी तापानं फणफणला तेव्हा बंडूजी हा नवस बोलले होते. मोठा होऊन पोरगा पुण्याला गेला, मग नवस फेडायला ये म्हणून दर हिवाळ्यात ते त्याला फोन करायचे आणि पोरगा म्हणायचा, पुढच्या वर्षी. मागच्या वर्षी बंडूजीच गेले.

“देवाले काय फरक पडते? खाली गावात करून टाकू रोडगे.”

“देवाले नसन पडत. तुह्या बापाले पडत होता. मरेपर्यंत वाट पाह्यली त्यानं. जाय, पाणी घेऊन ये.”

“आता परत खाली?”

“मंग काय मी जाऊ? माह्यानं आता दुसऱ्यांदा हा पहाड चढणं होत नाई. उठ.”

तो पाय आपटत उतरला. यशोदाबाईंनी परातीवर फडकं टाकलं. बसल्यावर राग निवेल असं वाटलं होतं, तो वाढतच गेला. हा खाली गाडीत बसून निघून जाईल, असंही मनात आलं. “जाऊ दे मेल्याले,” महादेवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या.

उन्हं कलल्यावर योगेंद्र आला. कॅन काठोकाठ भरलेला, खांदा सोललेला, ओठ कोरडे.

“एक घोट पिऊ दे, आई.”

“आधी पीठ.”

त्यांनी सावकाश पीठ मळलं, रोडगे वळले. तो उभाच होता. मग त्यांनी तांब्या भरून महादेवापुढे ठेवला आणि कॅन त्याच्याकडे सरकवला.

“घे, पी आता,” म्हणून त्या पाठ फिरवून गोवऱ्या पेटवायला बसल्या.

योगेंद्रनं कॅन उचलला आणि बापाच्या तांब्याकडे पाहत तसाच हातात धरून राहिला.