आमच्या घरची खिरापत

पहिले एक सांगून ठेवते. मी जिंकली. गावातल्या काही बाया अजून म्हणतात का चंद्रकलेले तिच्या सासूनं जिंकवलं. म्हणू द्या त्याहिले. त्या दिवशी डबा माह्या हातात होता अन् घाम माह्या कपाळाले आला होता, त्याहिच्या नाही.

आमचं गाव पारशिवनीच्या पुढं, पेंचच्या अंगाले. धरणाचं काम चालू होतं तवाची गोष्ट. आमचे हे त्या कामावर मजुरायची हजेरी घेत. सकाळी सायकलनं जात, दिवेलागणीले येत. घरी माही सासू सखूबाई, मी अन् तेरा वर्षाची ननंद प्रेमलता. सासरे माह्या लग्नाच्या आधीच गेले होते. चार एकर ज्वारी-कापूस, एक गाय अन् दहा-बारा कोंबड्या, एवढा पसारा.

मी उमरेडची, मागावरच्या घरची. माहा बाप धोंडबा लुगडी विणे. त्याच्या हातचा काठ दुरून वळखू ये. मी नऊ वर्षाची असताना मले आडवं सूत नेणारा धोटा फेकता ये. लग्नात बापानं भांडी कमी दिली, पण एक अख्खा हातमाग दिला. लाकडं, फणी, धोटे, सगळं एस.टी.च्या टपावर बांधून आणलं. सासरही विणकराचंच, पण यांच्या घरचा माग दोन पिढ्यापासून बंद. सासू म्हणे, आता आपण शेतीवाले, पोरगा सरकारी कामावर, पुन्हा त्या खड्ड्यात पाय कोण घालते. मागाले खड्डा लागते न, विणणारा काठावर बसते अन् खाली पाय सोडून पावड्या दाबते. तिले त्या खड्ड्याचीच लाज वाटे. दोन वर्षं माहा माग गाईच्या कोठ्यात आढ्याले बांधून होता अन् त्याच्यावर कोंबड्या बसत. माह्या बापाच्या फणीवर कोंबड्या. माह्या अंगाचा जाळ होये.

त्या साली पोळा झाला, गणपती शिरवले, अन् सासूनं नवीन काढलं. दसरा झाला का रामाजी सुतार येईन, मागाच्या लाकडाचं कोठ्याले दार करून टाकू.

मी भाकर थापून राहिली होती. मी सासूले म्हटलं, "मामी, दार पाहिजे त बाभूळ तोडा. माह्या मागाले हात नाही लावू देणार."

"माग म्हणते मोठी. साधी खिरापत लपवता येत नाही तुले, अन् माग चालवते."

हे बोलणं मले लय लागलं, कारण ते खरं होतं.

भुलाबाईचं तुमाले सांगतलं पाहिजे. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडं पोरी मातीची भुलाबाई मांडतात. रोज सांजच्याला एकेका घरी जातात, टिपऱ्या वाजवून गाणी म्हणतात, अन् मंग त्या घरची खिरापत खातात. पण खिरापत अशी हातावर भेटत नाही. ती झाकणाच्या डब्यात राहते. घरची बाई डबा हलवून दाखवते, गोड का खारट तेवढं सांगते, अन् आत काय आहे ते पोरीहिनं वळखायचं. आमच्या गावचा नेम असा का एक उदबत्ती जळेपर्यंत वळखलं त पोरी जिंकल्या, नाही त घर जिंकलं. चार वर्षात एकही घर जिंकलं नव्हतं. कारण पोरीत आमची प्रेमा होती.

काय कान होते पोट्टीचे. लाडू, फुटाणे, बत्तासे, सगळं नुसत्या आवाजावरून सांगे. गणपतराव मालगुजाराच्या घरी नागपूरहून सोनपापडी आणली होती, जन्मात कोणी पाहिली नव्हती गावात. प्रेमानं डब्याच्या झाकणाले नाक लावलं अन् म्हणे, तूप, बेसन, साखर, अन् मऊ आहे, म्हणजे दादानं सांगतलं होतं ते, केसासारखं सुटते ते. मालगुजारीण पाहतच राहिली. अन् गेल्या साली मी शंकरपाळे केले, त उदबत्ती लावायच्या आधी, मी चुलीपासून उठून दारात येत होती तवाच तिनं सांगून टाकलं. सारं आंगण हासलं. सगळ्यात जास्त माही सासू हासली.

म्हणून त्या दिवशी मी पीठ लागलेल्या हातानंच उठली. म्हटलं, "यंदा प्रेमाले वळखू नाही आली, त काय कराल?"

"त मांड तुहा माग पडवीत. अन् वळखली त मुकाट्यानं दार होऊ द्यायचं. बाप आला तरी बोलायचं नाही."

शेजारची मैनाबाई ताक न्याले आली होती. ती दारातच थबकली. म्हणे, "मी आईकलं हं दोघीचंही." संध्याकाळपर्यंत ही शर्त साऱ्या गावाले माहीत झाली.

आता माही पंचाईत पाहा. जिच्यापासून लपवायचं, ती माह्याच घरात. माह्याच चुलीपाशी जेवते, माह्याच बाजूले झोपते. मी तीळ भाजले का ती तिळाचा वास घेऊन जाये. मी ह्याहिले म्हटलं, पारशिवनीहून काही वेगळं आणा. तर हे म्हणाले, "मले यात पाडू नको. मले तुमच्या दोघीच्याही हातचं जेवा लागते." अन् आणलं असतं तरी काय, प्रेमा रोज सायकलची थैली तपासून राहिली होती. वरून मले चिडवे, "वहिनी, दार कोणत्या रंगाचं करायचं वं?" मले हासू ये अन् रडू पण ये. रात्री मी डोळे मिटले का कोठ्याचं दार दिसे.

आमच्या घरची पाळी कोजागिरीच्या आदल्या दिवशी होती. त्या दिवशी सकाळीच पाच-सहा पोरी रंगीत कागद घेऊन आल्या. आमच्याच ओसरीत भुलाबाई बसणार होती, तिले पताका लावायच्या होत्या. प्रेमा म्हणे, "वहिनी, चिकटवाले थोडकी खळ करून दे न."

मी हो म्हटलं अन् उठली. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवलं, मोठ्या पितळी गंजात चुलीवर ठेवलं, अन् घोटाले लागली. घोटता घोटता तो वास आला, अन् माहा हात थांबला. मले माहेर दिसलं.

आमच्या घरी सुताले खळ लावायचा दिवस म्हणजे पाजणी. पाजणीले आई येवढा मोठा गंज भरून खळ शिजवे. खळ सारी सुतावर जाये, पण गंजाच्या बुडाले जी खरवड धरे ती आम्हा लेकराहिची. आई तिच्यावर गुळाचं पाणी शिंपडे, मीठ अन् तीळ टाके, अन् गंज निखाऱ्यावर ठेवे. करपायच्या आधी पापुद्रे सुटत, कुरकुरीत. आम्ही भावंडं त्याच्यावरून मारामाऱ्या करत असू. शेतकऱ्याच्या गावात हे कोणी कायले खाईन? त्याहिच्यासाठी खळ म्हणजे कागद चिकटवायची वस्तू.

मी पिठाची आणखी एक ओंजळ टाकली. प्रेमा माह्या समोर बसून राहिली होती, माह्या हाताकडं बारीक नजर ठेवून. म्हणे, "एवढी काहून करतं वं?" मी म्हटलं, "पताका किती आहेत पाह्य." तिले पटलं. तिनं वाटीभर खळ नेली, मंग आणखी एक वाटी नेली. सगळ्या पोरी बोटं भरवून पताका लावू लागल्या. अन् मी गंज निखाऱ्यावर सरकवला, त्यात गुळाचं पाणी शिंपडलं. प्रेमानं ओसरीतून मान वळवून पाह्यलं, मी गंज धुवून राहिली असं समजली अन् पुन्हा कागद कापाले लागली.

माही सासू उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. तिनं एकदा नाक वर केलं. मंग पुन्हा शेंगा सोलाले लागली. पोरी पताकाहिची दोरी आणाले गेल्या तवा मी तीळ टाकले, डबा भरला अन् झाकण घट्ट लावलं.

सांजच्याला आंगण भरलं. पोरी त होत्याच, पण शर्तीपायी मोठ्या बायाही आल्या. मालगुजारीण आली, मैनाबाई सगळ्यात पुढं बसली. रामाजी सुतारही कुंपणापाशी उभा होता, त्याले त्याचं काम आहे का नाही ते पाहायचं होतं. टिपऱ्या झाल्या, गाणी झाली. मैनाबाईनं उदबत्ती पेटवून तांदळाच्या वाटीत खोवली.

मी डबा हलवला. प्रेमानं डोळे मिटले.

"गोड का खारट?"

"दोन्ही."

"पापड." "नाही." "कुरड्या." "नाही." "चिक्की." "नाही." बाकीच्या पोरी एकदम ओरडाले लागल्या. करंजी, अनारसे, चकली, खारोड्या, लाह्या, गुळशेंगदाणे. मी नाही, नाही, नाही म्हणत गेली. प्रेमानं सगळ्याहिले चूप केलं. डब्याले नाक लावलं. लय वेळ लावलं. उदबत्ती अर्धी झाली होती.

"गूळ आहे. तीळ आहेत. अन् भाजल्याचा वास आहे, बुडाले लागल्यासारखा." ती थांबली. मंग हळूच म्हणाली, "खरवड आहे."

तोंड मी सरळ ठेवलं. म्हटलं, "खरवड आहे. पण कशाची?"

नेम तसाच होता, अर्धं चालत नसे. मैनाबाईनंही हो म्हणून मान डोलावली.

"दुधाची." "नाही." "खिरीची." "नाही." "भाताची." "नाही." उदबत्ती बोटाच्या दोन पेराएवढी राहिली. प्रेमाच्या कपाळाले आठ्या पडल्या. तिनं पुन्हा वास घेतला. "ज्वारी आहे. आंबिलीची."

साऱ्या बाया माह्याकडं पाहाले लागल्या. मी एक श्वास घेतला. आंबील आंबवतात, माह्या पिठाले आंबट नव्हतं लागलं. मी खोटं बोलत नव्हती. "नाही," मी म्हटलं, "आंबील नाही."

तवा प्रेमानं मायकडं पाह्यलं. नेमात नव्हतं, पण पोरीहिच्या माया डोळ्यानं खुणा करतात, सगळ्याच करतात. गेल्या साली माह्या सासूनंही खूण केली असंन, मी काही विसरली नव्हती. सासू भुलाबाईपाशी बसली होती. तिनं प्रेमाकडं पाह्यलंच नाही. ती उदबत्तीकडं पाहून राहिली होती. राख वाकली अन् वाटीत पडली.

"जळली," मैनाबाई म्हणाली.

मी झाकण काढलं. आवाज मी मोठाच काढला, कुंपणापर्यंत जाईन असा. "खळीची खरवड आहे. ज्या खळीनं तुम्ही सकाळपासून पताका लावल्या, तिचीच."

पोरीहिनं पहिले पताकांकडं पाह्यलं, मंग आपल्या बोटांकडं. कोणाच्या नखात अजून खळ वाळून होती. प्रेमा तोंड उघडं टाकून उभी. म्हणे, "मी समोर बसली होती. मीच दोन वाट्या नेल्या." अन् मंग तीच पहिले हासली, पोट धरून हासली. माही ननंद मले त्या दिवशी लय आवडली. पोरीहिनं डबा असा रिकामा केला का मले एक तुकडा उरला नाही. रामाजी सुतारानंही कुंपणावरून हात पुढं केला.

सासूनं एक पापुद्रा घेतला. दातानं हळू हळू चावला. मंग म्हणाली, "तुही माय तीळ टाके का? माह्या माहेरी पाजणीले नुसतं मीठ टाकत."

प्रेमा म्हणे, "माय, तुले माहीत होतं?"

"सकाळीच वास आला होता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मले कोणी विचारलं?" असं म्हणून तिनं दुसरा तुकडा घेतला.

दार झालं, पण बाभळीचं झालं. मी उमरेडले निरोप धाडला, अन् चार दिवसानं माहा बाप सुताचं गाठोडं घेऊन आला. रामाजीनं पडवीत खड्डा खणला अन् दोघाहिनं मिळून माग बसवला. उभ्या सुताचा ताणा लावाले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हात जोडून धोटा घ्याले गेली, तर सासू मागं येऊन उभी. दोन्ही हातानं लुगडं सावरून म्हणाली, "सरक."

मी सरकली नाही. दोन वर्षं मागावर बसलेल्या कोंबड्या माह्या डोळ्यापुढं होत्या. मी म्हटलं, "मामी, हा माग मी जिंकलेला आहे. तुमाले बसायचं असंन त मले विचारून बसा."

बापानं मान खाली घातली. प्रेमा दारातच थांबली. सासूनं माह्याकडं पाह्यलं, मंग त्या खड्ड्याकडं पाह्यलं, अन् तिचा तसा आवाज मी पहिल्यांदा आईकला.

"बसू का वं, चंद्रकला?"

मी म्हटलं, "बसा." अन् धोटा तिच्या हातात दिला.