डोर्काच्या टेकाडावरचा सरडा

"टेकाडात एक जरी सरडा असला ना, तरी मी येणार नाही," डोर्काने मुलाला बजावलं होतं.

एफ्राइम तिला बंदराच्या शहरात न्यायला आला होता. वाळवंटातल्या कुइसेब नदीच्या पोटातलं पाणी खोल गेलं, तसं डोर्काच्या टेकाडावरचं नाराचं, खरबुजासारखी फळं देणारं काटेरी झुडूप वाळत गेलं. दोन हंगाम एकही फळ धरलं नाही. झुडूप मेलं की सरडे टेकाड सोडतात, हे एफ्राइमलाही ठाऊक. तो निर्धास्त होता.

ऊन चढल्यावर दोघं टेकाडावर गेली. वाळूला नुसता हात लावला तरी चटका बसत होता. आणि तिथे

होता.

दोन पाय वर, दोन खाली. मग ते खाली, हे वर. चपटं नाक, अंग वाळूच्याच रंगाचं.

"जिंकलीस, म्हातारे!" एफ्राइमला हसू दाबता येईना.

डोर्का वाकली. सरड्याने वाळूत बुडी मारली,

पण शेपूट बाहेरच राहिलं. एरवी डोळ्याची पापणी लवायच्या आत गडप होणारा जीव. तिने अलगद उचलला. कातडी सैल. बरगड्या बोटांना लागल्या.

"उपाशी आहे रे."

"असेना. आहे ना पण?"

तिने डोक्याचा रुमाल सोडला, त्यात सरडा घेतला आणि चालू लागली. शेजारच्या ऑल्विनाच्या, अजून हिरव्या राहिलेल्या टेकाडाकडे. दुसऱ्याच्या नारापाशी विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं, म्हणून खालीच थांबली.

"ऑल्विना! माझ्या सरड्याला घेशील?"

वर फळं काढणारी ऑल्विना वळली. "आधी तुझी गाढवं माझं झुडूप ओरबाडायची. आता सरडा? भाडं देणार का तो?"

"खाऊन खाऊन किती खाईल!"

"फुलं खाईल मेला!" मग भर उन्हात डोर्काचं उघडं डोकं तिला दिसलं. पुढची थट्टा तिने गिळली. "ये. वर ये, सोड त्याला."

"आई, तो शेवटचा आहे," एफ्राइम मागून हळूच म्हणाला. "नको सोडूस. राहा तू इथेच. मी काही म्हणणार नाही."

डोर्काने रुमाल उलगडला. हिरव्या काट्यांखाली सरडा क्षणभर थबकला. वाळू त्याच्यावर मिटली.

परतताना ती आपल्या टेकाडाला लांबून वळसा घालून गेली.

"शहरात वाळू असते का रे?"

"असते. वारा सुटला की रस्त्यावर येते."

"मग?"

"मग झाडून टाकतात."